लाहोरच्या वह्यांतली गावं

गावाचं नाव टाइप करायचं आणि शंभर वर्षांपूर्वी लढाईवर गेलेले तिथले जवान शोधायचे. शिपायाचं नाव, वडिलांचं नाव, हुद्दा, पलटण. आणि तो लढाईत कामी आला असेल तर तीही नोंद.

ही नोंद आहे फाळणीपूर्वीच्या पंजाबची. पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, तिथल्या सरकारने गावोगावच्या सैनिकांची माहिती वह्यांत जमवली. सुमारे २६,००० पानं, ३,२०,००० माणसं! पुढे या वह्या लाहोरच्या संग्रहालयात जवळजवळ शतकभर पडून राहिल्या. पंजाबी वारसा जपणारी ब्रिटनमधली एक संस्था आणि ग्रीनिच विद्यापीठ यांनी त्यांचं डिजिटायझेशन हाती घेतलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये जालंधर, लुधियाना आणि सियालकोट या जिल्ह्यांच्या सुमारे ४५,००० नोंदी सर्वांसाठी खुल्या झाल्या.

अशा वह्यांचं मोल कळतं ते इराकमधल्या बसरा स्मारकापाशी. तिथे त्या युद्धात इराकच्या मोहिमेत कामी आलेल्या भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. साध्या शिपायांची मात्र नुसती संख्या.

आणि ही गोष्ट फक्त पंजाबची नाही. इराकच्या त्याच मोहिमेत कूत शहराच्या वेढ्यात सहावी पुणे डिव्हिजन अडकली होती. तिच्यात मराठा पलटणीचे जवानही होते.

श्रोतेहो, युद्धात कामी आलेल्यांच्या, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने ठेवलेल्या नोंदीही आता इंटरनेटवर मोफत शोधता येतात. घरात पणजोबांचं त्या युद्धातलं पदक असेल, तर त्याची कड नीट पाहा. तिथे कोरलेला क्रमांक, नाव आणि पलटण आधी टिपून घ्या.