अठरा वर्षे पूर्ण झाली, पुढे काय?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी मागील पन्नास वर्षांचे गुणगान करावे, हा शिष्टाचार आहे. आणि ते काम आमच्यापूर्वीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने केले आहे. आम्ही मात्र आपले लक्ष निराळ्या विषयाकडे वेधू इच्छितो. आपल्यापैकी काही कुटुंबांनी परक्यांची लेकरे आपल्या घरी सांभाळली आहेत. काही मुले जवळच्या बालगृहात वाढत आहेत. त्यांस आपण जेवू घातले, शाळेत घातले, नाताळास नवे कपडे शिवले. परंतु अशा मुलास ज्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण होतात, त्या दिवशी त्याने कोठे जावे, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारला असेल.

प्रथम आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी बालगृहातून बाहेर पडलेल्या एका मुलास आम्ही खटपट करून कारखान्यात कामास लावले आणि आपले कर्तव्य संपले असे समजून स्वस्थ बसलो. मुलगा कामात हुशार होता. पण त्याने जन्मात कधी भाजी विकत आणली नव्हती. घंटा झाली की जेवावयाचे, घंटा झाली की निजावयाचे, एवढाच संसार त्याने पाहिलेला. पहिला पगार दहा दिवसांत संपला. पुढे ताप आला तेव्हा कोणास कळवावे हे त्यास समजेना. तो खोलीतच पडून राहिला, आणि न कळविता गैरहजर राहिल्यामुळे नोकरी गेली. आम्हांस ही वार्ता दोन महिन्यांनी लागली! त्याच्यापाशी हुन्नर होता. हाक मारावयास माणूस नव्हते.

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१५ च्या बालन्याय कायद्यात, अठरा वर्षांनंतर संस्था सोडणाऱ्या मुलास अर्थसाहाय्य देता येईल, असे कलम आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे हे अनुरक्षण एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि अपवादात्मक प्रसंगी तेविसाव्या वर्षापर्यंत चालू शकते. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली अनाथ मुलांकरिता शिक्षणात व सरकारी नोकरीत एक टक्का जागा राखून ठेवल्या. मात्र त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते. ते अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच हाती पडावे म्हणून कोणीतरी जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात चार खेपा घालावयास हव्यात. सोळा वर्षांच्या मुलाने त्या एकट्याने घालाव्यात काय? शिवाय ते कलम संस्थेतून निघणाऱ्या मुलांविषयी बोलते. दुसऱ्याच्या घरी वाढलेल्या मुलाचा त्यात नामनिर्देशही नाही. तेथे भार सांभाळणाऱ्या कुटुंबावरच येतो.

संत योसेफाचे नाव आपण पालक पिता म्हणून घेतो. त्याच्या घरी सुतारकीही होती, हे विसरतो. आणि तुरीन शहरातील संत जॉन बॉस्को पाहा. त्यांचे स्वतःचे वडील ते दोन वर्षांचे नसतानाच वारले होते. १८४७ साली पावसात भिजून आलेल्या एका पोरक्या मुलास त्यांनी व त्यांच्या आईने घरात घेतले. पण निवारा देऊन ते थांबले नाहीत. फेब्रुवारी १८५२ मध्ये त्यांनी एका सुताराशी केलेला उमेदवारीचा करारनामा आजही उपलब्ध आहे. उस्तादाने मुलास धंदाच शिकवावा, घरगड्यासारखे राबवू नये. चुकल्यास शब्दांनी समज द्यावी, मारू नये. सणावारी सुटी द्यावी, अशा त्यातील अटी आहेत. त्या कागदावर बॉस्को यांनी स्वतः सही केली. काम मिळवून देणे आणि कामावर गेलेल्या मुलाच्या पाठीशी उभे राहणे, यांतील अंतर त्या सहीत आहे. पुढे १८५३ साली त्यांनी चांभारकीचा व शिवणकामाचा वर्ग स्वतःच्याच घरी सुरू केला.

आपणांस कारखाने काढावयाचे नाहीत. पण पंधराव्या वर्षापासून मुलाच्या हाती महिन्याच्या बाजारहाटाचे पैसे द्यावेत. त्यात पाच-पन्नास रुपये बुडाले तर बुडू द्यावेत. बँकेत त्यास बरोबर न्यावे, अर्ज त्यालाच भरू द्यावा. दहावीनंतर आय. टी. आय. मध्ये फिटर, वायरमन यांसारखे धंदे आहेत. कोणता निवडावा हे त्या मुलास विचारून ठरवावे. (आम्ही आमच्या मुलास विचारले नव्हते.) मुलींच्या बाबतीत तर लग्न करून दिले की प्रश्न सुटला, असे मानणारे सज्जन अजून आढळतात. स्वतःची कमाई नसलेली, माहेर नसलेली मुलगी सासरी कोणाच्या बळावर तोंड उघडणार?

सभागृहाच्या दाराशी एक वही ठेवली आहे. तीत पैशाचा रकाना नाही. पहिल्या रकान्यात आपण कोणता धंदा शिकवू शकाल ते लिहावे. दुसऱ्यात, रात्री-अपरात्री कोणा मुलाने फोन केला तर उचलण्यास आपण तयार आहात काय, ते लिहावे. हा दुसरा रकाना आमच्या त्या मुलाने सुचविला आहे. तो आज पुन्हा कामावर आहे आणि वहीत पहिले नाव त्याचेच आहे. पुढील मे महिन्यात जवळच्या बालगृहातील दोन मुलांस अठरा वर्षे पूर्ण होत आहेत.