शेवटच्या चौकीवरचा जवान आणि सैन्याचे खरे बळ

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात एका निवृत्त सुभेदारांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



निवृत्त होऊन गावी आल्यापासून मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो, "सुभेदार साहेब, आपले सैन्य जगात कितव्या नंबरचे?" रणगाडे, विमाने आणि माणसे मोजून कोणी तरी नंबर लावतो आणि दूरदर्शनच्या पडद्यावर तो झळकतो. पण मी पायदळातला माणूस आहे. माझे मोजमाप वेगळे आहे. सर्वांत शेवटच्या चौकीवर जो जवान उभा आहे, त्याच्या पोटात काय आहे, पायात काय आहे, हातात काय आहे आणि आपण इथे कशासाठी उभे आहोत हे त्याला कोणी नीट सांगितले आहे काय, एवढेच मी पाहतो.

पूर्वी हे मोजमाप रक्तावरून होत असे. महार सैनिकांनी कंपनी सरकारच्या काळापासून मुंबई इलाख्याच्या फौजेत चाकरी केली. परमपूज्य बाबासाहेबांचे वडीलही सुभेदार होते. तरीही 'लढाऊ जाती' नावाचा सिद्धांत पुढे करून इंग्रजांनी १८९० च्या दशकात आपली भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. पुढे दुसरे महायुद्ध आले. बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. आज त्या रेजिमेंटमध्ये देशाच्या सर्व भागांतले, सर्व समाजांतले जवान खांद्याला खांदा लावून उभे असतात. शौर्य कोणा एका जातीची मिरास नाही. शिक्षण, सराव आणि चांगला अधिकारी मिळाला तर कोणत्याही घरचा मुलगा लढतो.

आता दुसरी बाजू पाहा. नुसते शौर्य पुरते काय? १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये नामका चू नदीकाठी आपले जवान सुती गणवेशात उभे होते. हातात .३०३ ची जुनी बंदूक आणि मोजकी काडतुसे. विमानातून टाकलेले सामान दऱ्याखोऱ्यांत पडून वाया जात होते. २० ऑक्टोबरला चिनी हल्ला झाला आणि ती ब्रिगेड कोलमडली. जवान भित्रे होते काय? मुळीच नाही. त्याच युद्धात १८ नोव्हेंबरला लडाखमध्ये रेझांग ला येथे मेजर शैतान सिंग यांची १३ कुमाऊंची कंपनी जागेवरून हलली नाही. सुमारे १२० जणांपैकी ११० हून अधिक धारातीर्थी पडले. जवान सगळीकडे तोच होता. त्याला तिथे पाठवणाऱ्यांची तयारी अपुरी होती.

पाच वर्षांनी, सप्टेंबर १९६७ मध्ये, सिक्कीमच्या नथू ला खिंडीत पुन्हा त्याच चिनी सैन्याशी गाठ पडली. मधल्या काळात डोंगरी लढाईसाठी नव्या डिव्हिजन उभ्या झाल्या होत्या, बंदुका बदलल्या होत्या आणि तोफा योग्य ठिकाणी होत्या. मेजर जनरल सगत सिंग मागे हटले नाहीत. आपलेही अनेक जवान पडले, पण खिंड आपल्याच हाती राहिली. देश तोच, सैन्य तेच, शत्रूही तोच. फरक पाच वर्षांच्या मेहनतीचा होता.

१९७१ चे उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे. एप्रिलमध्येच घुसावे असा विचार दिल्लीत चालला असता जनरल माणेकशा यांनी तयारीसाठी वेळ मागितला. पावसाळा जाऊ दिला, रसद लावली. डिसेंबरमध्ये युद्ध झाले तेव्हा सगत सिंगांच्याच हाताखालच्या जवानांनी हेलिकॉप्टरने मेघना नदी ओलांडली. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि सुमारे ९३ हजार युद्धकैदी हाती आले. सेनापतीने स्पष्ट बोलावे आणि सरकारने ते ऐकावे, हेसुद्धा सैन्याच्या बळातच मोजले पाहिजे.

कारण पुढे हेच सैन्य १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना म्हणून गेले. काम शांतता राखण्याचे, आणि थोड्याच दिवसांत लढाई करण्याची वेळ आली. शत्रू कोण, तो कुठे, याची माहिती अपुरी. सुमारे १,२०० जवान तिथे कामी आले. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागूनही लढत राहिले. ते मुंबईत जन्मलेले तमिळ अधिकारी. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. अशा शूरांचा आम्हाला अभिमान आहे. पण उद्दिष्टच धूसर असेल तर परमवीरसुद्धा युद्ध जिंकून देऊ शकत नाही. १९९९ मध्ये कारगिलला ५२७ जवान शहीद झाले. घुसखोरी वेळीच का कळली नाही, हे पाहण्यासाठी के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. चूक शोधायला सैन्य घाबरत नाही, तोवर ते सुधारते.

बांधवांनो, आता आजचे पाहू. मे २०२५ च्या संघर्षात दोन्ही बाजूंनी ड्रोन मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. आमच्या वेळी मागच्या खंदकात माणूस सुरक्षित असे. आता आकाशातून पाहणारा डोळा तिथेही पोहोचतो. म्हणून नवी शस्त्रे हवीतच. २०१८ मध्ये संसदेच्या स्थायी समितीपुढे सैन्याने स्वतःच सांगितले होते की ६८ टक्के साधनसामग्री जुनाट वर्गातली आहे. पण यंत्र चालवणारा माणूसही मुरावा लागतो. २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. भरती चार वर्षांची, आणि त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत जवानांना कायम करण्याची तरतूद. सैन्य तरुण राहील हे म्हणणे मला मान्य आहे. तरुण पाय डोंगर लवकर चढतात. परंतु दहा जवानांचे सेक्शन रात्रीच्या अंधारात सांभाळणारा हवालदार चार वर्षांत तयार होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. कोण घाबरला आहे, कोणाला घरची चिंता आहे, कोणाच्या बुटात पाणी गेले आहे, हे त्याला न विचारता कळते. तो हवालदार पुढच्या काळात कुठून येणार, हे विचारणे म्हणजे सैन्याचा अपमान नव्हे.

आपल्या वस्तीतली मुले पहाटे मैदानावर धावताना मी पाहतो. त्यांना जरूर पाठवा. मात्र त्यांना चार वर्षांचा हिशेब आधी समजावून सांगा, पुढचे शिक्षण सुटू देऊ नका, आणि जी मुले परत येतील त्यांच्या नोकरीधंद्यासाठी संस्थेने आतापासूनच एक समिती नेमावी, ही माझी विनंती आहे. युद्धाच्या बातम्या आल्या की टाळ्या वाजवणारे पुष्कळ भेटतात. चौकीवर बूट, दारूगोळा आणि गरम जेवण वेळेवर पोहोचले काय, असे विचारणारे नागरिक थोडे असतात. आपण त्या थोड्यांपैकी होऊ या.

 जय भीम, जय भारत!