जांभळ्या फुलांचा मोह आणि आपलं काळं रान



शेवगाव-पाथर्डीकडं आम्ही गेलो की एक प्रश्न हमखास येतो : "कपाशी मोडून लॅव्हेंडर लावावं का?" मोबाइलवर जांभळ्या शेतांची चित्रं फिरतात, तेलाचे भाव सांगितले जातात. प्रश्न रास्त आहे. कपाशी-ज्वारीत घातलेला खर्च निघत नाही, म्हणूनच तो विचारला जातो.

आधी झाड ओळखू. लॅव्हेंडर हे भूमध्य समुद्राकाठचं झुडूप. तिथं पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा आणि जमीन हलकी, निचऱ्याची. आपला पाऊस जून ते सप्टेंबर. काळ्या रानात पाणी साचलं की याची मुळं कुजतात. शिवाय चांगलं फुलायला त्याला कडक थंडी लागते. बागेतल्या कुंडीत ते तगेल, पण कुंडीवरून एकराचा हिशेब होत नाही.

मग जम्मू-काश्मीरमध्ये डोडा जिल्ह्यातल्या भद्रवाहला ते कसं पिकलं? तिथं मका पिकवणारे शेतकरी याकडं वळले आणि त्यांना पैसा मिळाला, हे खरं आहे. पण भद्रवाह सुमारे १६०० मीटर उंचीवर, हिवाळ्यात बर्फाचं. आपलं नगर साडेसहाशे मीटरवर. दुसरं, २०१६ पासून 'अरोमा मिशन'मधून जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेनं तिथं रोपं दिली, शिकवलं, तेल काढायच्या भट्ट्या उभ्या केल्या. शंभर किलो फुलांतून तेल निघतं किलोच्या आसपास. भट्टी जवळ नसेल तर फुलांचा नुसता पाला होतो.

आपल्या दारात येतो तो रोपं विकणारा. रोप विकलं की त्याचा नफा झाला. तुमचा झाला तर दोन-तीन वर्षांनी. सफेद मुसळी, जट्रोफा, इमू याच वाटेनं आले. बेणं आणि पिल्लं विकणारे कमावून गेले, पिकवणारे गिऱ्हाईक शोधत बसले.

म्हणून लॅव्हेंडर असो, रोझमेरी असो की जिरेनियम, तीन गोष्टी कागदावर मागा. माल कोण, कोणत्या भावानं घेणार? भट्टी किती लांब? करार मोडला तर भरपाई कोण देणार? राहुरीच्या विद्यापीठाचा सल्ला घ्या. लावायचंच तर गुंठाभर लावा आणि एक पावसाळा जाऊ द्या.

भद्रवाहला रोपापासून भट्टीपर्यंत सरकार पाठीशी उभं राहिलं. आपल्या मालदांडीला आणि कपाशीला तेच मिळालं पाहिजे : तालुक्यात प्रक्रिया आणि खर्च भरून निघेल असा भाव. ही मागणी प्रत्येक गावानं ठराव करून जिल्हा बैठकीत आणावी.