डेंग्यूची दुसरी खेप

हिंजवडीशेजारच्या मारुंजीत आज नव्या इमारती उठत आहेत. जेथे बांधकाम आले, तेथे पाण्याची पिंपे आणि टाक्या आल्याच. अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात एडिस डासाची पैदास होते आणि पावसाळ्यात डेंग्यू घरोघर हिंडू लागतो. “मला एकदा होऊन गेला, आता भीती नाही,” असे पुष्कळजण म्हणतात. गोवराच्या बाबतीत हे म्हणणे खरे ठरते. डेंग्यूच्या बाबतीत मात्र ते घातक आहे. ते कसे, हे आपण पाहू.

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला म्हणजे शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. पुढे दुसरा प्रकार अंगात शिरला की ही जुनी प्रतिपिंडे त्याला चिकटतात खरी, पण नामोहरम करू शकत नाहीत. प्रतिपिंडे चिकटलेली वस्तू गिळावयाची, हा रक्तातील काही पांढऱ्या पेशींचा धर्मच. त्या विषाणूला गिळतात आणि तो मरण्याऐवजी त्यांच्याच पोटात वाढतो. पहारेकऱ्यानेच चोराला हाताला धरून घरात आणावे, तसा हा प्रकार! दुसऱ्या खेपेला बहुतेक रोगी बरे होतात. पण आजार गंभीर होण्याचा संभव वाढतो, हे विसरता येत नाही.

लस करणाऱ्यांपुढे हाच पेच आहे. २०१६ सालापासून फिलिपाईन्समध्ये आठ लाखांहून अधिक मुलांना ‘डेंगव्हॅक्सिया’ ही लस टोचली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सानोफी कंपनीने जाहीर केले, की ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही, त्यांना लशीनंतर तो झाल्यास अधिक गंभीर होऊ शकतो. लसच जणू पहिली खेप ठरली! मोहीम थांबली आणि इतर लशींवरचाही लोकांचा विश्वास डळमळला.

म्हणून चारही प्रकारांना सारखीच आवर घालणारी लस हवी आणि तिची पारख सावकाशच व्हावयास हवी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि पॅनासिया बायोटेक यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू केली. तीत दहा हजारांहून अधिक लोकांवर दोन वर्षे नजर ठेवावयाची, असे ठरले. हा विलंब आळसाचा नव्हे, शहाणपणाचा आहे.

आपल्या हाती काय? आठवड्यातून एकदा पिंपे रिकामी करून घासावीत व कोरडी करावीत. ताप आला तर पूर्वी डेंग्यू झाल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ॲस्पिरिन मनाने घेऊ नये. ताप उतरल्यावर पोटात जोराची कळ, सतत उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त दिसले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. ताप उतरला म्हणजे संकट टळले, असे डेंग्यूत समजू नये.