हायड्रोजनवर उडणारे छोटे विमान



कामगार संघटनेच्या माणसाने विमानाविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटले असेल. मी शास्त्रज्ञ नव्हे. वाचनालयाच्या बाकावर बसून जेवढे उमगले तेवढेच सांगणार आहे. पण यंत्र कोणतेही असो, त्याच्यापाशी कोणीतरी उभा असतो, आणि त्या माणसाशी माझा संबंध येतो.

पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि प्राणवायू वेगळे होतात, हा प्रयोग आपण शाळेत पाहिला आहे. त्याच्या उलट, हे दोन वायू एकत्र आणून वीज मिळविता येते, असे विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास दाखविले. मागे उरते ते पाणी. यालाच इंधनघट म्हणतात. त्यात ज्वाला नाही, दट्ट्या नाही. फ्रान्सिस बेकन या इंग्रज इंजिनियराने १९५९ मध्ये पाच किलोवॅटचा घट चालवून दाखविला, आणि चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांतील घट त्याच्याच कामावर उभे राहिले.

विमानाला मात्र वेळ लागला. २००८ मध्ये स्पेनमध्ये एक मोटारग्लायडर बॅटरीच्या मदतीने वर चढले आणि मग सुमारे वीस मिनिटे निव्वळ इंधनघटावर सरळ उडाले. पुढल्याच वर्षी जर्मनीत हॅम्बुर्गला ‘अंतारेस’ने केवळ इंधनघटावर उड्डाण केले. २०१६ साली स्टुटगार्टहून चार आसनांचे विमान उडाले, आणि २०२३ च्या सप्टेंबरात स्लोव्हेनियात तेच विमान द्रवरूप हायड्रोजनवर तीन तासांहून अधिक वेळ आकाशात राहिले.

मग मोठी विमाने का नाहीत? वजनाच्या हिशेबात हायड्रोजन रॉकेलाच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा देतो, पण जागेच्या हिशेबात तो फार महाग पडतो. उणे २५३ अंशांवर थंड करून द्रव केला, तरी तेवढ्याच ऊर्जेला चौपट जागा लागते. टाकीचे वजन वेगळेच. शिवाय घटात जवळजवळ निम्मी ऊर्जा उष्णता होऊन जाते. ती बाहेर टाकायला मोठा रेडिएटर हवा, आणि तो वाऱ्याला अडवतो.

आता २९ एप्रिल २०२१ ची गोष्ट. इंग्लंडात क्रॅनफिल्ड येथे पायपर मालिबू जातीच्या सहा आसनी विमानाची चाचणी चालली होती. मोटारींना केवळ इंधनघटाची वीज मिळावी म्हणून बॅटरी बंद केली. त्या क्षणी वाऱ्याने फिरणाऱ्या पंख्याने उलट वीज निर्माण केली, दाब वाढला, संरक्षक यंत्रणेने मोटारींचा पुरवठा तोडला आणि तो पुन्हा जोडता येईना. वैमानिकाने विमान शेतात उतरविले. कुंपणाला लागून डावा पंख तुटला. आतली दोन्ही माणसे वाचली. सरकारी तपासात आढळले, की अशा फिरत्या पंख्याचा काय परिणाम होतो हे पाहण्यापुरत्या चाचण्या जमिनीवर झाल्याच नव्हत्या. मंडळी, हे वाक्य मला ओळखीचे वाटले. कारखान्यातील अपघातांचे अहवाल मी बरेच वाचले आहेत.

हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. अमेरिकेतील अग्निबाणांच्या तळांवर कामगार पूर्वी खराटा पुढे धरून चालत; तो पेटला म्हणजे समजावे, की इथे गळती आहे! १९३७ मध्ये ‘हिंडेनबर्ग’ जळाले तेव्हा ३६ माणसे मेली. त्यांतला एकजण जमिनीवर दोर धरायला उभा असलेला कामगार होता. प्रवाशांच्या गोष्टी खूप लिहिल्या गेल्या; मी मात्र वाचताना त्याच्यापाशी थांबलो.

आणखी एक सांगायला हवे. जगातला बहुतेक हायड्रोजन आजही नैसर्गिक वायू आणि कोळशापासून काढतात, म्हणून विमानामागे नुसती वाफ निघाली तरी धूर कुठेतरी दुसरीकडे निघालेला असतो. पाण्यापासून स्वच्छ विजेने तो काढता येतो, पण महाग पडतो. २०२३ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या प्रवासी विमानाचे एक इंजिन काढून तेथे इंधनघटाची मोटार बसविली आणि ते उडविले. ती कंपनी पैशांअभावी २०२४ मध्ये बंद झाली. एअरबसने २०३५ चे उद्दिष्ट ठेवले होते, तेही २०२५ मध्ये पुढे ढकलले. संशोधन मात्र चालू आहे, आणि ते चालावे असेच मला वाटते. टाकी भरणाऱ्याला आधी काय शिकविणार, हे मला त्या संशोधकांना विचारायचे आहे. आपले प्रश्न असतील तर अध्यक्षांनी त्यासाठी वेळ ठेवला आहे.