घेरी, सैल सांधे आणि घराण्याची नोंद

(मंडळाच्या चोपडे येथील बैठकीत केलेले भाषण)



रस्ते, पाणी, जमिनी यांवर आपण येथे नेहमीच बोलतो. आज आम्ही आरोग्याचा एक प्रश्न मांडणार आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. पण ज्या बाबतीत सरकारकडे काही मागायचे, ती बाब आधी समजून घेणे हे नागरिकाचे काम आहे.

चतुर्थीच्या आरतीला उभी असलेली मुलगी मध्येच भिंतीला टेकते. डोळ्यांपुढे अंधारी येते, छाती धडधडते. शाळेच्या प्रार्थनेतही तेच. रक्त तपासावे तर हिमोग्लोबिन बरे निघते. मग कोणी म्हणते नाटक करते, कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी गाऱ्हाणे घालायला सांगते. तिच्या आईला त्या वयात असेच होत होते का, हे मात्र कोणी विचारीत नाही.

अशा काही मुलींच्या त्रासाचे मूळ जन्मापासूनचे असते. सांधे, कातडी आणि रक्तवाहिन्या यांना बळकटी देणाऱ्या भागाला संयोजी ऊतक म्हणतात. ते जन्मतः सैल असण्याचा एक विकार म्हणजे एलर्स-डॅनलॉस. डेन्मार्कच्या एलर्स यांनी १९०१ मध्ये आणि फ्रान्सच्या डॅनलॉस यांनी १९०८ मध्ये त्याचे वर्णन केले. २०१७ च्या वर्गीकरणात त्याचे १३ प्रकार आहेत. अंगठा वाकून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकणे, कोपर व गुडघे उलट्या बाजूला वाकणे, सांधे वारंवार निखळणे या त्याच्या खुणा. नुसते लवचिक अंग म्हणजे आजार नव्हे. पण सोबत दुखणे आणि घेरी असेल तर दुर्लक्ष करू नये.

घेरीशी याचा संबंध काय? आपण उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा अधिक रक्त पोटाकडे व पायांकडे उतरते. हृदय, रक्तदाब, पचन, घाम हे सारे आपण न सांगता सांभाळणारी स्वायत्त मज्जासंस्था लगेच रक्तवाहिन्या आवळते. त्या वाहिन्याच सैल असल्या तर रक्त खाली साचते आणि हृदय धावू लागते, असे मानतात. उभे राहिल्यावर १० मिनिटांत, रक्तदाब फारसा न उतरता, नाडी मिनिटाला ३० ने (१२ ते १९ वयात ४० ने) वाढून तशीच राहिली आणि हा त्रास महिनोन्‌महिने चालला, तर डॉक्टर त्याला 'पॉट्स' म्हणतात. पहिल्या तपासणीला खाट, घड्याळ आणि रक्तदाबाचे यंत्र एवढेच लागते.

डॉक्टरांच्या सल्ल्याने भरपूर पाणी, जादा मीठ, पायांना दाब देणारे लांब मोजे, सावकाश उठणे, बसून करायचे व्यायाम, गरज पडल्यास औषधे, असे उपाय आहेत. मीठ घातलेली आपली पेज इथे कामाची. मात्र रक्तदाब वाढलेल्यांनी व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आपल्या मनाने मीठ वाढवू नये.

आता वारशाचे. पोर्तुगीज नागरी संहितेपासून गोव्यात मुलगा-मुलगी दोघांना सारखा वाटा मिळतो. या विकारांच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारांचा वारसाही बहुधा तसाच असतो: आईकडून येवो वा वडिलांकडून, प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. म्हणून सुनेलाच बोल लावणे चूक आहे.

१९८६ मध्ये फ्लो हायमन ही अमेरिकेची नामवंत व्हॉलीबॉलपटू जपानमध्ये सामना चालू असताना ३१ व्या वर्षी कोसळून वारली. मार्फान या संयोजी ऊतकाच्याच विकाराने तिची महाधमनी फाटली होती. त्यानंतर तिच्या भावाची तपासणी झाली. त्यालाही तोच विकार निघाला आणि वेळीच शस्त्रक्रिया झाली. घरातील एकीचे निदान दुसऱ्याच्या कामी आले.

आपण जुनी घराणी. देवस्थानच्या महाजनांच्या नोंदी, जमिनीचे कागद पिढ्यान्‌पिढ्या जपतो. पण कोणता काका तरुणपणी अकस्मात गेला, कोणत्या आत्येचे सांधे निखळत, हे लिहीत नाही. सोयरीक मोडेल म्हणून लपवतो. वंशावळीत हा एक रकाना वाढवा आणि डॉक्टरांकडे जाताना तो कागद सोबत न्या.

सरकारकडे आमच्या मागण्या पाच. पेडणे तालुक्यातील आरोग्य केंद्रांत उभे करून नाडी व रक्तदाब पाहण्याची तपासणी व्हावी. शाळांनी अशा मुलांना प्रार्थनेत बसण्याची मुभा द्यावी. पंचायतीत, मामलेदार कचेरीत आणि आम्ही जिथे नोकरी करतो त्या बँकांतही रांगेऐवजी टोकन व बाक असावेत. माहितीपत्रके कोकणीबरोबर मराठीतही निघावीत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने मराठीच्या वापराची तरतूद केलेली आहेच. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत या त्रासाचे नाव नाही, तेव्हा तो गंभीर असलेल्यांचा विचार राज्याने केंद्राकडे मांडावा.

यांतील पहिल्या दोन मागण्यांना फार पैसा लागत नाही. येत्या ग्रामसभेत त्यांचा ठराव आपण मांडूया. जी मुलगी उभी राहू शकत नाही, तिच्यासाठी आपण उभे राहूया.

जय हिंद! जय गोमंतक!