तिवराचा आनुवंशिक ठेवा



कोकणच्या खाड्यांत दिवसातून दोनदा भरतीचे पाणी चढते. ज्या खाऱ्या पाण्याने भाताचे रोप कोमेजते, त्याच पाण्यात तिवर हिरवागार उभा असतो. त्याच्या पानांतील ग्रंथी जादा मीठ बाहेर टाकतात, हे अनेकांच्या पाहण्यात आहे. परंतु या सहनशक्तीचे मूळ जनुकांच्या कुळांत आहे.

एका पूर्वज-जनुकाच्या अनेक प्रती होऊन त्यांत कालांतराने पालट घडला, की जनुकांचे कूळ निर्माण होते. डिहायड्रिन कुळातील जनुकांपासून बनणारी प्रथिने शुष्कतेत पेशीचे रक्षण करतात. दुसऱ्या एका कुळातील जनुके, ताणामुळे पेशीत साचणारी ऑक्सिजनची घातक रूपे निष्प्रभ करणारी विकरे घडवितात.

चेन्नईच्या एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठानातील शास्त्रज्ञांनी तिवरातील असे एक विकर-जनुक भातात घातले. त्या भाताची क्षारसहनशीलता वाढल्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले.

तथापि एक जनुक म्हणजे संपूर्ण कूळ नव्हे. हा ठेवा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो तो उभ्या कांदळवनातच. म्हणून खाडीकाठच्या ग्रामपंचायतींनी तेथील तोड व भराव रोखणे, हे उद्याच्या शेतीचेच संरक्षण होय.